पुस्तक वाचून झालं, आता त्याचं काय? वाचननोंदी ठेवण्याची पद्धत

पुस्तक संपलं, आवडलं, चार जणांना सांगूनही झालं. दोन महिन्यांनी कोणी विचारलं, "काय होतं त्यात?" तर "छान होतं, वाच जरूर" यापलीकडे काही सुचत नाही. नोकरीत उपयोग होईल म्हणून मुद्दाम विकत घेतलेल्या पुस्तकांची गत याहून वाईट. वाचताना सगळं पटतं आणि सोमवारी ऑफिसात पाऊल टाकलं की काम जुन्याच पद्धतीने सुरू होतं. वाचणं आणि वागणं यांच्या मधे थोडं मनन लागतं, आणि बहुतेक जण नेमकं तेवढंच गाळतात. दोनशे पानी पुस्तकामागे या मननाला एकूण तास-दीड तास लागतो, तोही तुकड्यातुकड्यांनी. ते कसं करायचं, हे नवख्यांसाठी इथे टप्प्याटप्प्याने दिलं आहे.

सामान

एक २०० पानी रेघी वही, पेन्सिल, निळं आणि लाल अशी दोन पेनं. चामडी कव्हरची महागडी डायरी नको. तिच्यात चुकीचं, अर्धवट, खाडाखोडीचं लिहायला हात धजत नाही, आणि या वहीत तर खाडाखोडच व्हायला हवी.

पहिली चार पानं अनुक्रमणिकेसाठी कोरी सोडा. पुढच्या पानांना कोपऱ्यात क्रमांक घाला; सुरुवातीला चाळीसेक पानांना घातले तरी चालतं. प्रत्येक पुस्तकाला समोरासमोरची दोन पानं. डाव्या पानावर पुस्तकात काय आहे ते, उजव्या पानावर त्याचं आपण काय करणार ते. उजवं पान पहिल्या आठवड्यात जवळजवळ रिकामंच असेल. घाबरून ते भरायला जाऊ नका, ते हळूहळू भरतं.

मोबाइलवरचं नोंदींचं अॅप चालेल का? चालेल, पण पहिल्या पाच पुस्तकांनंतर. नवख्याचा पहिला महिना अॅप निवडण्यात, टॅग लावण्यात आणि रंग ठरवण्यात जातो, आणि त्याला आपण काही काम केलं असं वाटतं. निक्लास लुमान या जर्मन समाजशास्त्रज्ञाने सुमारे ९०,००० चिठ्ठ्यांचा साठा केला होता, त्याचे दाखले या बाबतीत नेहमी दिले जातात. पण ग्रंथ लिहिणं हा त्याचा पेशा होता. वर्षाला दहा-बारा पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला एक वही कित्येक वर्षं पुरते.

वाचायला घेण्याआधी दोन मिनिटं

डाव्या पानाच्या माथ्यावर पुस्तकाचं नाव, लेखक, आजची तारीख आणि एक प्रश्न लिहा. प्रश्न म्हणजे हे पुस्तक आत्ता का हातात घेतलं, याचं उत्तर. "टीम कशी सांभाळावी" हा प्रश्न फार पसरट झाला. "कामात हुशार पण वेळ न पाळणाऱ्या माणसाशी बोलायचं कसं" हा प्रश्न झाला. प्रश्न जितका अरुंद, तितकी वाचताना नजर नेमक्या जागी थांबते. काहीच प्रश्न सुचत नसेल तर "फक्त आनंदासाठी" असं लिहा आणि त्या पुस्तकातून बोध काढायच्या फंदात पडू नका. तेही वाचनच आहे.

वाचताना: कागदाची पट्टी

ए-फोर कागद उभा दोनदा दुमडून कापला की साधारण पाच सेंटिमीटर रुंदीच्या चार पट्ट्या निघतात. एक पट्टी खूण म्हणून पुस्तकात ठेवा. थांबावंसं वाटलं की पट्टीवर पान क्रमांक, तीन-चार शब्द आणि एक खूण करा. खुणा चारच पुरतात:

- चौकट: हे माझ्या कामात वापरता येईल
- प्रश्नचिन्ह: कळलं नाही किंवा खरं वाटत नाही
- फुली: पटलं नाही
- तारा: वाक्य म्हणून आवडलं

यातली फुली सर्वांत मोलाची. पुस्तकभर एकही फुली पडली नसेल तर दोन शक्यता आहेत. एकतर तुम्ही आधीपासून मानत होता तेच त्यात होतं, किंवा वाचताना लक्ष दुसरीकडे होतं. प्रश्नचिन्हंही जपून ठेवा. पुढचं पुस्तक कोणतं घ्यायचं हे बऱ्याचदा त्यांच्यातूनच ठरतं.

पट्टीचा एक फायदा असा की वाचनालयाचं पुस्तक खराब होत नाही. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. अशा जुन्या संस्थांमधल्या पुस्तकांच्या समासात आधीच्या वाचकांनी केलेल्या रेघोट्या वाचताना कधी मौज वाटते, पण आपण त्यात भर घालू नये. पुस्तक परत करायचं असल्यामुळे एक चांगली सक्तीही होते: तारखेच्या आत नोंद करावी लागते. विकत घेतलेलं पुस्तक "करू कधीतरी" म्हणत कपाटात जातं.

ई-बुकमध्ये मजकूर रंगवण्याची सोय असते, तिच्यापासून जरा सांभाळून. बोट फिरवलं की ओळ रंगते, म्हणून दोनशे ओळी रंगतात आणि नंतर त्यांतली एकही पाहिली जात नाही. एका प्रकरणाला पाच ओळी ही मर्यादा घाला आणि प्रत्येक रंगवलेल्या ओळीला निदान दोन शब्दांची स्वतःची टीप जोडा. ऑडिओबुक ऐकताना पान क्रमांकाऐवजी मिनिटं टिपायची. गाडी चालवताना अर्थातच नाही. घरी पोचल्यावर उतरण्याआधी दोन मिनिटं बसून आठवेल तेवढं फोनवर बोलून ठेवलं तरी काम भागतं.

पुस्तक मिटून दहा मिनिटं

आता खरं काम. दर ५०-६० पानांनी, शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, पुस्तक मिटा, पट्टीही बाजूला ठेवा, दहा मिनिटांचा गजर लावा आणि आठवेल ते निळ्या पेनाने डाव्या पानावर लिहा. क्रम नको, पूर्ण वाक्यं नकोत. आठवत नाही तिथे "इथे काहीतरी होतं" असंही लिहा. गजर वाजल्यावर पुस्तक उघडा आणि राहिलेलं, चुकलेलं लाल पेनाने दुरुस्त करा.

हे करताना त्रास होतो. पहिल्या तीन मिनिटांतच डोकं रिकामं वाटतं, आणि बहुतेक जण इथेच पुस्तक उघडून नोंदी "नीट" काढायला लागतात. तो मोह टाळा, कारण उपयोग त्या त्रासाचाच आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच केलेल्या प्रयोगांतून १८८५ साली दाखवलं होतं की पाठ केलेल्यातला मोठा भाग पहिल्या एक-दोन दिवसांतच गळतो. त्यावर पुन्हा वाचणं हा आपला नेहमीचा उपाय. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांचे गट करून हे तपासलं. एका गटाने उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्याने एकदाच वाचला आणि तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा चार वेळा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा त्यांना सुमारे ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. फसगत इथेच होते: पुन्हा वाचलेलं लगेच छान आठवतं, म्हणून ते येतंय असं वाटतं.

अधोरेखनाचंही तसंच. डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला. अधोरेखन आणि पुनर्वाचन कमी उपयोगाच्या गटात गेलं. स्वतःची परीक्षा घेणं आणि अंतर ठेवून उजळणी करणं या दोन पद्धती वरच्या गटात आल्या. या वहीत त्याच दोन पद्धती वापरल्या आहेत, बाकी नवीन काही नाही.

तीन प्रश्न

पुस्तक संपल्यावर, पण आठवडा उलटायच्या आत, वीस मिनिटं काढून उजव्या पानाला लागा. प्रश्न तीन: काय? मग काय? आता काय? अमेरिकी शिक्षक टेरी बॉर्टन यांनी १९७० मध्ये वर्गासाठी मांडलेली ही त्रयी पुढे नर्सिंगच्या शिक्षणात रुळली. मननाच्या याहून मोठ्या, पाच-सहा खणांच्या चौकटीही आहेत; त्या भरता भरताच नवखा माणूस कंटाळतो.

"काय" मध्ये पुस्तकाचं म्हणणं तुमच्या शब्दांत तीन ओळींत. चौथी ओळ लागली तर म्हणणं अजून नीट कळलेलं नाही.

"मग काय" मध्ये ते म्हणणं तुमच्या जागी, तुमच्या माणसांत, तुमच्या पगारात आणि वेळात कितपत लागू पडतं ते. पुस्तकातली परिस्थिती आणि तुमची परिस्थिती यांत निदान एक फरक लिहायचाच, हा नियम करा. बाहेरच्या देशातलं व्यवस्थापन जसंच्या तसं आणून इथल्या चाळीस माणसांच्या कारखान्यात लावायचे उद्योग या एका ओळीने टळतात.

"आता काय" मध्ये एकच कृती. दोन आठवड्यांत संपणारी, तारीख असलेली, आणि झाली की नाही हे मोजता येईल अशी. "जास्त ऐकून घेईन" ही कृती नव्हे. "मंगळवारच्या मीटिंगमध्ये मी सगळ्यांच्या शेवटी बोलेन" ही कृती.

एक पान भरून दाखवायचं तर

समजा, चाकणच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका मध्यम कारखान्यात डिस्पॅचची, म्हणजे माल पाठवण्याच्या विभागाची सुपरवायझर आहे. तिने तपासणी-याद्यांवरचं, म्हणजे चेकलिस्टवरचं एक प्रकरण वाचलं. तिचा प्रश्न: "गाड्या गेटवरून परत का बोलवाव्या लागतात?" पुस्तक मिटून तिने निळ्या पेनाने लिहिलं ते असं:

"१९३५. अमेरिका. बोइंगचं नवं मोठं विमान चाचणीत पडलं. पायलट कसलेला होता. काहीतरी काढायचं राहून गेलं – कुलूप? त्यानंतर पायलटांसाठी यादी आली. मग ऑपरेशन थिएटर. डब्ल्यूएचओची यादी, १९ मुद्दे. ८ हॉस्पिटलं, दिल्ली होती त्यात. मृत्यू बरेच कमी, आकडा? यादी मोठ्याने वाचतात. कोण वाचतं ते आठवत नाही. अजून काहीतरी होतं, नावं सांगण्याबद्दल."

मग पुस्तक उघडून लाल पेनाने: "३० ऑक्टोबर १९३५. कुलूप म्हणजे गस्ट लॉक, विमान जमिनीवर उभं असताना वाऱ्याने शेपटीचे हलते भाग हलू नयेत म्हणून लावलेली अडसर. मृत्यू १.५ वरून ०.८ टक्के, गुंतागुंत ११ वरून ७. टीममधल्या सगळ्यांनी आधी आपलं नाव आणि काम सांगायचं."

लाल शाई कुठे पडली ते पाहा. आकडे आणि नेमकं कारण निसटलं होतं, गोष्ट मात्र राहिली होती. बहुतेकांचं असंच होतं. चारचौघांत चुकीचा आकडा ठोकून देण्याचं संकट या लाल ओळी टाळतात.

उजव्या पानावर "मग काय" खाली:

"आपल्याकडे यादी आहे. २३ मुद्दे, लॅमिनेट करून भिंतीवर. सगळे टिक मारतात, वाचत कोणी नाही. गेल्या महिन्यातल्या चुका तीनच प्रकारच्या: बॉक्स कमी-जास्त, इन्व्हॉइस दुसऱ्याच पार्टीचं, ई-वे बिलाच्या (मालासोबतच्या सरकारी कागदाच्या) भाग-ब मध्ये आधीच्या गाडीचा नंबर. फरक: थिएटरमध्ये सगळे थांबतात. इथे कोणी थांबत नाही, गाडीवाला हॉर्न मारत असतो."

पट्टीवर तिने एक प्रश्नचिन्हही केलं होतं: यादी आली की चुका कमी, इतकं सोपं आहे का? तिने ते शोधलं. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात १०१ हॉस्पिटलांत शस्त्रक्रियेसाठी अशाच याद्या लागू केल्यानंतरचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात मृत्यू किंवा गुंतागुंत यांत लक्षणीय घट दिसली नाही. म्हणजे कागदावर यादी असणं आणि ती वापरली जाणं या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. तिच्या भिंतीवरचे २३ मुद्दे तेच सांगत होते. प्रश्नचिन्हाचा पाठपुरावा केला नसता तर तिने २३ चे ३० मुद्दे केले असते आणि पुन्हा लॅमिनेट केले असते.

"आता काय" खाली:

"सोमवार ते पुढचा शनिवार. फक्त दुसरी पाळी. गाडी सुटण्याआधी ४ मुद्दे मोठ्याने: बॉक्स किती, इन्व्हॉइसवर पार्टी कोण, गाडीचा नंबर भाग-ब शी जुळतो का, सही झाली का. लोडरने वाचायचं, ड्रायव्हरने उत्तर द्यायचं. मोजायचं काय: परत बोलावलेल्या गाड्या. आधीच्या दोन आठवड्यांचा आकडा गेट रजिस्टरमधून काढणे – आजच."

शेवटचे शब्द महत्त्वाचे आहेत. प्रयोगाच्या आधीचा आकडा नसेल तर नंतर "बरं वाटतंय" एवढंच हाती राहतं. आणि एकाच पाळीत करून पाहिल्यामुळे बाकीचं काम तुलनेला मिळतं, शिवाय फसलं तरी गाजावाजा होत नाही.

उजळणी: आठवडा, महिना, तीन महिने

पुस्तक संपल्याच्या तारखेपुढे तीन तारखा लिहून ठेवा आणि फोनच्या कॅलेंडरवर टाका. आठवड्याने पाच मिनिटं: डावं पान हाताने झाकायचं, मुख्य मुद्दे तोंडाने म्हणायचे, मग हात काढायचा. महिन्याने पाच मिनिटं: कृतीचं काय झालं ते उजव्या पानावर. तीन महिन्यांनी दहा मिनिटं: या पुस्तकातलं आता काय उरलं, आणि कुठल्या मुद्द्यावर मत बदललं.

महिन्याच्या नोंदीत यश-अपयशाचा शेरा नको, काय घडलं ते लिहा. वरच्या उदाहरणात ती अशी असेल: "पहिले चार दिवस वाचली. शुक्रवारी दोन गाड्या एकदम, लोडरने एकट्याने टिक मारले. त्यातलीच एक परत बोलवावी लागली. पुढच्या वेळी इन्व्हॉइसची फाइल ड्रायव्हरच्या हातात, म्हणजे एकट्याला वाचताच येणार नाही." असं लिहिलेलं वर्षअखेरीला अप्रेझलच्या फॉर्ममध्ये जवळजवळ उतरवून काढता येतं. "यंदा व्यवस्थापनावरची सहा पुस्तकं वाचली" या वाक्याला साहेब मान डोलावतो. "गेटवर चार मुद्द्यांची पडताळणी सुरू केली, आधीचा आकडा हा, नंतरचा हा" या वाक्यावर तो प्रश्न विचारतो, आणि बोलणं पुढे जातं.

अनुक्रमणिका विसरू नका. तिथे पुस्तकाच्या नावापेक्षा विषय लिहा: "चुका टाळणे – पान १२", "कठीण बोलणी – पान १८, ३१". सहा महिन्यांनी तुम्ही पुस्तक शोधत नसता, अडचण शोधत असता.

नोकरीचं लिहिताना जपायचं

या वहीत कामाबद्दल खरं लिहायचं असतं, म्हणूनच नावं लिहायची नाहीत. सहकाऱ्याचं, पेशंटचं, विद्यार्थ्याचं, गिऱ्हाइकाचं कोणाचंच नाही. "एक सीनिअर", "नववीतला एक मुलगा" एवढं पुरतं. वही बसमध्ये राहू शकते, टेबलावर उघडी पडू शकते.

ब्रिटनमध्ये काम करणाऱ्या नर्सना तर हे नियमानेच बांधलेलं आहे, आणि तिकडे गेलेल्या मराठी नर्सही त्यात आल्या. तिथल्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलकडे दर तीन वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करताना मननाची पाच लेखी टिपणं लागतात. ती प्रशिक्षणावर, मिळालेल्या अभिप्रायावर किंवा प्रत्यक्ष कामातल्या प्रसंगावर असतात, आणि त्यांत कोणाची ओळख पटेल असं काही असता कामा नये. वाचलेला लेख आणि त्यानंतर वॉर्डात केलेला बदल अशी जोडी वर्षभर वहीत जमत गेली तर तिसऱ्या वर्षी शेवटच्या आठवड्यात आठवून आठवून लिहायची वेळ येत नाही.

शिक्षकांना ही पद्धत एका धड्यापुरती लावता येते: शिकवण्याबद्दलचं वाचलेलं एक तंत्र, एकच वर्ग, एकच आठवडा. चारही तुकड्यांवर एकदम प्रयोग करू नका. काय बदललं हेच कळत नाही.

कथा-कादंबरीचं काय करायचं

ललित वाङ्मयाला "आता काय" विचारू नका. कादंबरीतून नेतृत्वाचे पाच धडे काढणारी माणसं कादंबरीवर अन्याय करतात आणि धडेही सुमार काढतात. इथे दहा मिनिटांची आठवण शेवटी एकदाच, आणि उजव्या पानावर दुसरे प्रश्न. कुठल्या पात्राचा राग आला, आणि त्यातला किती राग स्वतःच्या ओळखीच्या कोणावरचा होता? कुठल्या पानापर्यंत एकाची बाजू घेत होतो आणि तिथून पुढे का सोडली? लेखकाने काय सांगायचं टाळलं? माणसं समजून घेण्याचं जे काम व्यवस्थापनाची पुस्तकं मुद्दे काढून करतात, ते इथे आडवाटेने होतं. लगेच वापरता येत नाही म्हणून ते कमी मानू नये.

कवितेला तर प्रश्नही नकोत. आवडलेली कविता हाताने उतरवून काढा. जुन्या काळी घरोघरी अशी बाडं असत. त्यासाठी वेगळी वही ठेवा, कारण उतरवून काढण्यातलं सुख आणि मनन यांची गल्लत झाली की या वहीत नुसती अवतरणं साचतात.

कुठे बिघडतं

सर्वांत जास्त वह्या बंद पडतात त्या अति लिहिण्यामुळे. पहिल्या पुस्तकाला उत्साहाने चौदा पानं, दुसऱ्याला सहा, तिसऱ्याला वेळच नाही. म्हणून दोन पानांची मर्यादा. जागा संपली तर काहीतरी खोडा.

दुसरं, नोंदीचं परीक्षण होतं. "लेखकाची शैली ओघवती असून विषयाची मांडणी सोपी आहे." हे वाक्य कुठल्याही पुस्तकाबद्दल लिहिता येतं, म्हणून वहीत त्याला जागा नाही. अशी ओळ लिहिली गेलीच तर तिच्यापुढे "उदाहरणार्थ" लिहून पान क्रमांक द्या.

तिसरं, कृती एकाहून जास्त ठरवणं. पाच ठरवल्या की त्यातली सगळ्यात सोपी होते आणि बाकीच्या चारांची टोचणी राहते. उरलेल्या सुचलेल्या कृती वहीच्या शेवटच्या पानावर यादीत टाका, महिन्याने बघा.

चौथं, पुस्तकांची संख्या. वर्षाला ५० पुस्तकांचा संकल्प करणं आणि त्याचे फोटो टाकणं सध्या जोरात आहे. हौस म्हणून ठीक. पण आकड्यामागे लागलं की पातळ पुस्तकं निवडली जातात आणि मननाचा वेळ पहिला कापला जातो. कामासाठीच्या वाचनात महिन्याला एक पुस्तक, नोंदीसकट, हे प्रमाण नोकरी-संसार सांभाळणाऱ्याला झेपतं.

आणि पाचवं जरा नाजूक: नुकतंच वाचलेलं घरच्यांवर आणि हाताखालच्यांवर लगेच चालवणं. संवादावरचं पुस्तक वाचून आलेला माणूस त्या आठवड्यात असह्य होतो. पहिली कृती नेहमी स्वतःच्या वागण्यातली ठेवा, दुसऱ्याला काही सांगावं लागणार नाही अशी.

चौघं मिळून करायचं असेल तर

चार-पाच जण, महिन्यातून एकदा, दीड तास. सहाच्या वर गेलात की दोघं बोलतात आणि बाकीचे ऐकतात. सगळ्यांनी एकच पुस्तक वाचायची सक्ती नको. प्रत्येकाने आपलं उजवं पान पाच मिनिटांत सांगायचं, मग दहा मिनिटं इतरांनी प्रश्न विचारायचे. सल्ला द्यायचा नाही, फक्त प्रश्न. हा नियम पाळणं मराठी माणसाला अवघड जातं, म्हणून एकाच्या हातात घड्याळ आणि टोकण्याचा अधिकार द्या. जागेसाठी जवळच्या सार्वजनिक वाचनालयात विचारून पाहा. परदेशात विखुरलेल्यांना व्हिडिओ कॉलवरही जमतं, फक्त वेळ साठ मिनिटांवर आणा. व्हॉट्सअॅप ग्रुप काढलाच तर तो तारीख ठरवण्यापुरताच ठेवा. तिथे सुविचार सुरू झाले की भेटी बंद पडतात.

अर्धवट सोडलेली पुस्तकं

यांचीही नोंद करायची, पण तीन ओळींत: कुठल्या पानावर सोडलं, का सोडलं, पुन्हा कधी घेण्यासारखं आहे का. "पान ६४. तीच गोष्ट चौथ्यांदा सांगतोय. नाही." किंवा "पान ३०. आधी सांख्यिकीचं काहीतरी प्राथमिक वाचायला हवं. दिवाळीनंतर." पाच-सहा अशा नोंदी जमल्या की सोडण्याची कारणं एकत्र वाचा. तेच कारण तीनदा आलं असेल तर पुढचं पुस्तक विकत घेण्याआधी दुकानात उभ्या उभ्या मधलंच एक प्रकरण वाचून बघा. पहिलं प्रकरण नको, ते सगळ्यांनीच घासूनपुसून लिहिलेलं असतं.